‘पासंगालाही न पुरणे’ यातला पासंग म्हणजे नेमकं काय?

उंबरठा

अमका तमक्याच्या पासंगालाही पुरणार नाही, असं आपण सर्रास म्हणतो. गाणं, क्रिकेट, कीर्तन, पुरणपोळी, विषय कुठलाही असो. पासंग ही वस्तू मात्र आता कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. त्यामुळे बऱ्याच जणांना पासंग म्हणजे ‘बरोबरी’ किंवा ‘तुलना’ असंच वाटतं. तसं नाही. खरा अर्थ कळला की या वाक्प्रचाराची धार कितीतरी वाढते, म्हणून हा धागा काढतेय.

दोन पारड्यांची तागडी घ्या. दोन्ही पारडी रिकामी. दांडी आडवी राहायला हवी, पण राहत नाही. एका पारड्याचा पत्रा किंचित जाड असतो, दुसऱ्याला पोचा आलेला असतो, एका बाजूची साखळी बदललेली असते. मग हलक्या बाजूला काहीतरी बांधायचं. लहानसा दगड, एखादा खिळा, तारेचं वेटोळं, चिंधीत गुंडाळलेले खडे, जे हाताशी असेल ते. दांडी आडवी झाली की ती वस्तू तिथेच मुक्कामाला. तो पासंग. पुढे त्या तागडीत ज्वारी तोला नाहीतर गूळ, पासंग मालातही धरत नाहीत आणि मापातही धरत नाहीत. त्याचे पैसे कुणी देत नाही की घेत नाही. पण तो सुटून पडला तर त्या तागडीतलं एकही वजन खरं येणार नाही.

हिंदीतही हा शब्द आहे. तिथे दोन पारड्यांमधल्या मुळातल्या फरकालाही पासंग म्हणतात आणि तो फरक काढायला बांधलेल्या वस्तूलाही. दोषाला आणि त्यावरच्या इलाजाला एकच नाव.

आता वाक्प्रचाराकडे या. ‘हा त्याच्या पासंगालाही पुरत नाही’ म्हणताना दोघांना समोरासमोरच्या पारड्यांत बसवलेलंच नाही. थोराच्या समोर कोण ठेवायचा हा पुढचा प्रश्न झाला. त्याला तोलायची तागडी आधी सरळ करावी लागेल, आणि तिथे जो खडा लागतो त्या खड्याच्या जागीही हा चालत नाही. म्हणजे तुलना हरली असं नाही, ती सुरूच झाली नाही. ‘बरोबरी करू शकत नाही’ हे त्यामानाने फारच सौम्य झालं.

तुमच्यापैकी कुणी पासंग बांधलेली तागडी वापरली आहे का? आणि तोलण्याचे, समतोलाचे आणखी कुठले शब्द तुमच्याकडे चालतात? सगळं लिहा.

सांजवेळ

छान धागा. व्युत्पत्तीबद्दल एक शंका. ‘पार्श्व’ म्हणजे बाजू, आणि ‘संग’ म्हणजे सोबत. बाजूला सोबत बांधलेला तो पार्श्वसंग, त्याचा पासंग झाला, असं होऊ शकेल का? ऐकायला तरी पटतं.

कागदपत्र

सांजवेळ, ऐकायला पटतं खरं, पण हा शब्द फारसी आहे. फारसीत ‘संग’ म्हणजे दगड. संगमरवरातला संग तोच. सत्संगातला संग संस्कृत, त्याचा इथे काही संबंध नाही. दोन अनोळखी शब्द दिसायला जुळे निघावेत, तसा प्रकार आहे.

सुरुवातीच्या ‘पा’बद्दल मात्र सरळ उत्तर नाही. फारसीत ‘पा’ किंवा ‘पाय’ म्हणजे आपला पायच, पायजम्यातला. त्यावरून पासंग म्हणजे ‘पायाशी बांधलेला दगड’ असं सांगतात. पण फारसीत याच वस्तूला ‘पारसंग’ असंही म्हणतात, आणि तो ‘र’ आला की पायाची कथा डळमळते. दगडाबद्दल दुमत नाही, एवढं मी छातीठोकपणे लिहीन.

मला यात जास्त गंमत वाटते ती तागडीभोवती जमलेल्या शब्दांची. तराजू फारसी, पासंग फारसी, वजन अरबीतून फारसीमार्गे आलेलं. दांडी, काटा हे आपले इकडचे. एकाच वस्तूचे अवयव, आणि प्रत्येकाचं माहेर वेगळं. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय द्यायला. दरबारातले शब्द असे ठरवून बदलता येतात. पण बाजारात रोज ज्या वस्तूला हात लागतो तिचं नाव हुकमाने बदलत नाही. तराजू आणि पासंग तसेच राहिले.

पिंपळपार

उंबरठा, आमचं तालुक्याच्या गावी किराण्याचं दुकान होतं, त्यामुळे हे सगळं हाताखालून गेलेलं आहे. मोठ्या तागडीच्या डाव्या पारड्याला, जिथे तिन्ही साखळ्या एका कड्यात येतात, तिथे तांब्याची तार गुंडाळलेली असायची. पारडं घासलं की फरक पडायचा, मग तारेचा एखादा वेढा काढायचा किंवा वाढवायचा. वडील सकाळी दुकान उघडलं की पहिलं काम तेच करायचे. रिकामी तागडी उचलायची, दांडी थांबेपर्यंत थांबायचं, मगच पहिलं गिऱ्हाईक. जुनी गिऱ्हाइकंही पक्की असायची. “आधी रिकामी दाखवा” असं तोंडावर म्हणायची, आणि त्यात कुणाला अपमान वाटायचा नाही.

पासंगाचा एक सख्खा भाऊ आहे, तो इथे यायलाच हवा: धडा. शाळेच्या पुस्तकातला नव्हे. गिऱ्हाईक तेला-तुपाला आपलं भांडं घेऊन यायचं. एका पारड्यात रिकामी बरणी ठेवायची, दुसऱ्यात खडे-दगड टाकत दांडी आडवी करायची. याला ‘धडा करणे’ म्हणायचे. मग दगडांच्या बाजूला किलोचं वजन ठेवायचं आणि बरणीत तेल ओतायचं. पासंग तागडीचा, धडा भांड्याचा. पासंग कायमचा, धडा त्या एका गिऱ्हाइकापुरता.

लबाडीही याच जागेवर व्हायची. मालाच्या पारड्याला खालून चिंचेचा गोळा किंवा मेण चिकटवलं की झाला चोरटा पासंग. म्हणून पारडं उलटं करून बघणारी गिऱ्हाइकंही होती.

रानजाई

आमच्या घरी पासंग थोड्या वेगळ्या अर्थाने ऐकलाय. भाजी तोलताना किलोला जरा कमी भरली की वर दोन मिरच्या, एखादं वांगं टाकतात ना, ती भर म्हणजे पासंग. आजी तेच म्हणायची. त्या अर्थानेही वाक्प्रचार नीट बसतो की. ‘याला वर भर म्हणून टाकलं तरी पुरणार नाही.’ आणि क्रियापद ‘पुरणे’ आहे, तेही भरीशी जास्त जुळतं.

उंबरठा

रानजाई, ‘पुरणे’चा मुद्दा चांगला आहे. पण उणं भरून काढणं दोन्हीकडे आहे. तुमच्या अर्थात माल उणा, माझ्या अर्थात पारडं उणं. म्हणून ‘पुरणे’ दोन्हीकडे चालतं.

तरी मी माझ्या अर्थाला धरून राहीन. एक तर हा शब्द दगडाचा आहे, मालाचा नाही. वांग्याला वांगं पुरं करतं तेव्हा तिथे दगड कुठे आला? आणि दुसरं, वर टाकलेली भर ही शेवटी मालच असते, तिला किंमत असते, ती गिऱ्हाइकाच्या पिशवीत जाते. पासंग कुणाच्याच पिशवीत जात नाही. वाक्प्रचारातला हिणकसपणा तिथून येतो, असं मला ठामपणे वाटतं. तुमच्या आजीचा अर्थ नंतर रुळला असावा. तोलताना वर टाकलेली छोटी वस्तू, या साम्यावरून.

कर्कटक

भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडं विषयाच्या बाजूने लिहितो. पासंगाने तागडीचा एक दोष जातो, दुसरा जात नाही, आणि दुसरा जास्त घातक आहे.

पहिला दोष पारड्यांच्या वजनातला फरक. तो पासंगाने पूर्ण जातो. दुसरा दोष दांडीच्या दोन हातांच्या लांबीतला. समजा मधल्या टेकूपासून एक हात २० सेंटिमीटर आणि दुसरा २१. रिकामी तागडी पासंग बांधून आडवी करता येते, बघणाऱ्याला काही कळत नाही. पण आता लांब हाताच्या पारड्यात माल आणि आखूड हाताच्या पारड्यात १ किलोचं वजन ठेवा. दांडी आडवी होईल तेव्हा माल असेल सुमारे ९५२ ग्रॅम. किलोमागे ४८ ग्रॅम गेले, आणि रिकामी तागडी तर सरळ दिसत होती! जितका माल जास्त तितकी मार जास्त.

ओळखायचं कसं? माल आणि वजन यांची पारडी बदलायची. तागडी खरी असेल तर दांडी पुन्हा आडवी राहील. खोटी असेल तर लगेच एका बाजूला जाईल. वरच्याच तागडीत १ किलो माल दोन्हीकडून तोलला तर एकदा १०५० आणि एकदा सुमारे ९५२ ग्रॅम भरेल. या दोन आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की खरे १००० ग्रॅम मिळतात.

आणि पिंपळपार, तुमचा धडा विज्ञानाच्या दृष्टीने पासंगापेक्षाही वरचढ आहे. समजा वस्तू एका पारड्यात ठेवली, समोर वाळूने धडा केला, मग वस्तू काढून त्याच पारड्यात प्रमाणित वजनं ठेवत दांडी आडवी केली. आता हात लहान-मोठे असले तरी काही बिघडत नाही, कारण वस्तू आणि वजन दोन्ही एकाच पारड्यात बसली. प्रयोगशाळेत ही पद्धत फ्रेंच शास्त्रज्ञ बोर्दा यांच्या नावाने शिकवतात.

पिंपळपार

वा! पारडी बदलून दाखवायला सांगणारं गिऱ्हाईक मात्र विरळाच असायचं.

घटप्रभा

बेळगावहून नमस्कार. तागडी या शब्दाबद्दल लिहितो. इकडे बाजारात कन्नड माणूस तराजूला ‘तक्कडी’ म्हणतो, तेलुगूत ‘तक्केड’ आहे. म्हणजे आपली तागडी ही दक्षिणेकडच्या घराण्यातली. तराजू वायव्येकडून आला, तागडी दक्षिणेकडून आली, आणि मराठीने दोन्ही ठेवून घेतली.

तसंच जुन्या मराठीतलं ‘तुकणे’, म्हणजे तोलणे. कन्नडमध्ये आजही वजनाला ‘तूक’ म्हणतात आणि ‘तूगु’ म्हणजे तोलणे, झुलणे. तमिळमध्ये ‘तूक्कु’ म्हणजे उचलणे. आधी उचलणे, मग टांगणे, मग तोलणे असा तो अर्थ सरकत गेलेला दिसतो. सीमाभागात राहिलं की दोन्ही भाषांतला हा शेजार कानावर पडतच राहतो.

उंबरठा

घटप्रभा, उचलण्यावरून तोलणं हा प्रवास संस्कृतकडेही अगदी तसाच आहे. ‘तुल्’ या धातूवरून तुला, तुलना, तुल्य, अतुल, तूळ रास, आपला तोल, तोलणे, तोळा एवढा गोतावळा. याच मुळाचे युरोपातले नातेवाईक उचलणं, पेलणं या अर्थाचे आहेत. ग्रीकमध्ये ‘तालांतॉन’ म्हणजे तराजू, मग ठरावीक वजन, मग तेवढी रक्कम. इंग्रजीतलं टॅलेंट तिथूनच आलं. कुणाचं टॅलेंट कुणाच्या पासंगाला पुरत नाही असं आपण म्हणतो, तेव्हा एका वाक्यात दोन तराजू असतात.

बॅलन्स हा शब्दही तागडीच आहे, लॅटिनमधली दोन पारड्यांची. पण बँकेतल्या बॅलन्सला मराठीने शिल्लक, बाकी असे उरण्याचे शब्द लावले, तोलण्याचे नाही. तोल आपण शरीराला, बोलण्याला आणि आहाराला ठेवला. हिंदीत ‘संतुलित आहार’ म्हणतात, आपण ‘समतोल आहार’. अलीकडे मराठी वर्तमानपत्रांतही संतुलित आहार दिसायला लागलाय, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. समतोल हा घरचा, सुटसुटीत, पोराबाळांना कळणारा शब्द आहे. तो का सोडायचा?

आणि तुला म्हटल्यावर तुळापूर आलंच. भीमा-इंद्रायणीच्या संगमावरचं हे गाव आपण संभाजी महाराजांच्या बलिदानामुळे ओळखतो, पण नाव त्याआधीचं. मूळ गाव नागरगाव. आदिलशाहीतला सरदार मुरार जगदेव याने १६३३ मध्ये तिथे तुलादान केलं, त्यावरून तुळापूर. आख्यायिका अशी की हत्तीची तुला करायची होती आणि हत्ती मावेल एवढी तागडी कुठून आणणार? तेव्हा शहाजीराजांनी युक्ती सांगितली. हत्तीला नावेत चढवायचं, पाणी नावेच्या कडेला जिथवर येईल तिथे खूण करायची, हत्ती उतरवून त्या खुणेपर्यंत नाव बुडेल एवढे दगड भरायचे, आणि मग ते दगड तोलायचे.

कर्कटक

उंबरठा, ही तर धडा करण्याचीच रीत! हत्तीच्या जागी दगड ठेवले, खूण तीच. नाव वेडीवाकडी असली तरी उत्तर बरोबर येणार. आख्यायिका असो की घडलेलं असो, सांगणाऱ्याला तोलण्याचं मर्म पक्कं ठाऊक होतं.

कागदपत्र

तुलादानात भर घालतो. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांची सुवर्णतुला झाली. तेव्हा गडावर आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन याच्या नोंदीत वजन सुमारे १६,००० होन भरल्याचं येतं.

फुंकणी

आमचा पिढीजात सोनारकामाचा धंदा. आमच्याकडे तागडी म्हणत नाहीत, काटाच म्हणतात. काचेच्या पेटीतला काटा, वजनं चिमट्याने उचलायची, तोलताना पंखा बंद. काटा म्हणजे खरं तर दांडीच्या मधोमध उभी असलेली सुई. ती घरात सरळ उभी राहिली की तोल झाला. त्यावरून ‘काटेतोल’, म्हणजे रतिभरही इकडेतिकडे नाही असं. आता पूर्ण वजनयंत्रालाच काटा म्हणतात, त्याला सुई असो वा नसो.

जुना हिशोब असा: ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा, म्हणजे ९६ गुंजा. गुंज ही लाल बी, टोकाला काळा ठिपका असलेली. सगळ्या गुंजा वजनाला सारख्या नसतात, म्हणून निवडून जपून ठेवलेल्या वापरायचे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज गिऱ्हाईक तोळा म्हणतं तेव्हा १० ग्रॅमच धरायचे, हे दोघांनाही माहीत असतं. ‘तोळामासा प्रकृती’ही तिथलीच, एवढ्याशा वाऱ्याने काटा हलावा तशी तब्येत.

पासंगाबद्दल सांगायचं तर आमच्या काट्याला दांडीच्या टोकांवर छोटे फिरते स्क्रू असतात. ते आतबाहेर फिरवले की रिकामा काटा सरळ. वस्तू बांधायची गरज उरली नाही, पण माझे वडील त्यालाही ‘पासंग काढतो’ असंच म्हणायचे.

सांजवेळ

फुंकणी, काटेतोलवरून ‘झुकतं माप’ आठवलं. आज एखाद्याला झुकतं माप दिलं म्हणजे पक्षपात केला. पण मुळात दुकानदाराने मालाचं पारडं जरा खाली जाऊ देणं हे चांगल्या व्यवहाराचं लक्षण असणार ना?

पिंपळपार

सांजवेळ, अगदी. धान्याला झुकतं माप द्यायचं हा दुकानाचा रिवाज होता. काटेतोल देणारा दुकानदार कद्रू म्हणून ओळखला जायचा. ते झुकतं माप दुकानदाराच्या पदरचं होतं, म्हणून चांगलं. पंच किंवा परीक्षक देतो ते दुसऱ्याच्या पदरचं असतं, म्हणून तो पक्षपात.

शिवारफेरी

धागा वाचून राहवलं नाही. आमच्या ऊसपट्ट्यात काटा म्हटलं की आठवते ती काटामारी. वर्षभर राबून ऊस पिकवायचा, तोडणी-वाहतुकीसाठी हातापाया पडायचं, आणि कारखान्याच्या काट्यावर ट्रॅक्टर चढला की आपल्या हातात काहीच राहत नाही. आमच्या एका खेपेला बाहेरच्या काट्यावर आणि आतल्या काट्यावर चांगलाच फरक आला होता. दाद मागायला गेलो तर पावती दाखवली, तेवढंच. रिकामी तागडी आधी दाखवा म्हणायची सोय तिथे कुणाला आहे? म्हणून शेतकरी संघटनांची मागणी असते की बाहेरून तोलून आणलेला ऊस कारखान्याने स्वीकारलाच पाहिजे. ती रास्तच आहे.

त्या पावतीवर तीन आकडे असतात: ग्रॉस, टेअर, नेट. भरलेली गाडी, रिकामी गाडी, आणि उरला तो ऊस. पिंपळपारांचा धडा म्हणजे हा मधला आकडा ना?

पिंपळपार

शिवारफेरी, बरोबर. मधला आकडा म्हणजे गाडीचा धडा. आणि आता दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर बघा, शेजारी शेजारी दोन बटणं असतात. एक झिरोचं, एक टेअरचं. रिकामा काटा शून्यावर नसेल तर झिरो दाबायचं: तो पासंग. रिकामा डबा ठेवून टेअर दाबायचं: तो धडा. पोरं दिवसभर ती बटणं दाबतात आणि दोन्हीतला फरक विचारला तर सांगता येत नाही. मी आमच्या पोराला पासंग आणि धडा असंच शिकवलं, त्याला लगेच उमगलं. गिऱ्हाइकांसाठीही सांगतो: भाजी टाकण्याआधी आकडा शून्य आहे का तेवढं बघत जा, आणि काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का कोणत्या सालचा आहे तेही.

कागदपत्र

पिंपळपार, या दोन बटणांवर वाक्प्रचारापेक्षाही मोठा लेख होईल. टेअर हा शब्दही आपल्याला परका नाही. अरबीत ‘तर्ह’ म्हणजे टाकणे, टाकून दिलेलं. व्यापाऱ्यांच्या तोंडून तो इटालियन, फ्रेंच करत इंग्रजीत ‘टेअर’ झाला: वजनातून टाकून द्यायचा भाग. त्याच अरबी शब्दाला फारसीत ढब, रीत असा अर्थ आला आणि तो मराठीत आला तो ‘तऱ्हा’ म्हणून. नाना तऱ्हा, तऱ्हेवाईक आणि काट्यावरचं टेअर, तिघांचं मूळ एक.

रानजाई

कागदपत्र, तऱ्हेवाईकपर्यंत पोचू असं वाटलं नव्हतं. उंबरठा, आजीचा अर्थ मी सोडत नाही हं. गावाकडे आणखी कोण कोण भरीला पासंग म्हणतं ते दिवाळीत विचारून इथेच लिहीन.

उंबरठा

जरूर विचारा, आणि गाव-तालुका लिहायला विसरू नका. विदर्भ, खानदेश आणि कोकणातल्या मंडळींनीही लिहा. तागडी, तराजू, काटा यातलं तुमच्याकडे घरात काय म्हणतात, आणि ‘धडा करणे’ चालतं का, एवढं कळलं तरी पुष्कळ.